कितीपैकी?

मागच्या आठवड्यात एक सेल्समन आमच्या ऑफिसात आला होता. मी दोह्यात, मुशैरिब भागातल्या एका कंपनीत एचआरचं काम बघते, त्यामुळे असली मंडळी येतच असतात. याच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. म्हणे ढीगभर अर्ज आत टाका, हे योग्य माणूस काढून तुमच्या हातात ठेवतं. "मॅडम, इसका सिलेक्शन कभी गलत नहीं होता," तो म्हणाला. माझ्या तोंडून फटकन निघून गेलं, "कितने में से?"

तो बावचळला. दोनदा घाम पुसला, शेवटी माहितीपत्रक टेबलावर ठेवून निघून गेला. मी मात्र उरलेला दिवस नुसती चिडचिड करत काढला. कारण तो प्रश्न माझा नव्हताच. तो देवतळे भाऊजींचा होता. आणि देवतळे भाऊजींची आठवण आली की मला आजही आधी राग येतो, बाकीचं सगळं मागून येतं.

मुकुंद देवतळे. मूळचे नागपूरचे. इथे दोह्यात आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. रास लफानला, गॅसच्या कारखान्यांत, एका कंत्राटदाराकडे मशिनांच्या देखभालीचं प्लॅनिंग करायचे. कुठला पंप आधी उघडायचा, कुठला अजून चालू द्यायचा, हे जुन्या बिघाडांचे आकडे पाहून ठरवायचं, हे त्यांचं काम. उंच, जरासे वाकलेले, आणि शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. एक लिहिणारं, एक न लिहिणारं. न लिहिणारं कशाला बाळगता म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते संपलं याची अजून खात्री नाही झाली, वहिनी." आता अशा माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

ओळख झाली ती आमच्या घरच्या गणपतीत. आरती झाली, मी मोदक वाढत होते, आणि बोलता बोलता जरा जास्तच बोलून गेले. "माझा मोदक कध्धी फुटत नाही हं!"

"कितीपैकी?" मागून आवाज आला.

मला वाटलं, थट्टा करतायत. कसली थट्टा! चेहऱ्यावर निव्वळ चौकशी. दवाखान्यातला डॉक्टर ताप किती दिवस आहे विचारतो ना, अगदी तसं. मी म्हटलं, "अहो, मोजलेत कुणी?" तर म्हणाले, "मग कधीच नाही असं कसं म्हणून राहिल्या?"

पुढच्या वर्षी हा गृहस्थ माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा. मी मोदक उकडत्येय आणि हे चाळणीकडे बघत मोजतायत. मोजताना त्यांचे ओठ हलायचे, आवाज नसायचा. जप करतायत असं वाटावं. शेवटी म्हणाले, "तुमचं जवळपास बरोबरच आहे, वहिनी. पण फुटलेले तुम्ही तळाशी लपवून राहिल्या." सगळं घर खो खो हसलं. मी उकडीने माखलेली मूठ त्यांना दाखवली. त्यांची बायको सुषमा म्हणाली, "मला पाहायला आले होते तेव्हा मी 'स्वयंपाक चांगला येतो' असं म्हणाले नाही, तेवढं नशीब माझं."

राग यावा असाच माणूस, पण गोड. दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी त्यांनी तो प्रश्न कधीच विचारला नाही. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं. आमच्या जवळपास करकचे दोन ठेले होते. करक म्हणजे इकडचा दूध आटवून केलेला वेलचीचा चहा. यातला चांगला कुठला यावरून माझा नवरा शिरीष आणि त्यांची जुंपली. झालं! भाऊजींनी दोन्हीकडचा चहा घरी आणून, सुषमाला सारख्या कपांत ओतायला लावून, डोळे मिटून प्यायला सुरुवात केली. एकदा नाही, थंडीचा सगळा मोसम, दर शुक्रवारी. निष्कर्ष काय, तर दोन्ही सारखेच. आणि तरी स्वतः जायचे ते लांबच्या ठेल्यावर. कारण तिथला मल्याळी त्यांना 'डॉक्टर' म्हणून हाक मारायचा.

"आता कुठे गेले तुमचे आकडे?" मी विचारलं.

"चहाचं काय, वहिनी," ते लाजून हसले. "चहा आपल्याला आवडतो म्हटलं तर कोणी नावं नाही ठेवत."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. आता विसरता येत नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी ऋता. शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. इथंच लहानाची मोठी झालेली. मराठी सगळी कळायची, पण उत्तर इंग्रजीत. "जेवलीस का गं?" विचारलं की "येस काकू, आय एट." आईशी तसंच, बापाशीही तसंच. भाऊजी नागपुरीत बोलणार, ही इंग्रजीत, आणि दोघांचं छान चालायचं. पोरीवर त्यांचा जीव होता. पहाटे कंपनीच्या बसला जायच्या आधी तिच्या बाटलीत लिंबूपाणी भरून ठेवायचे. पण तोंडाने कौतुक? नाव सोडा. पोरगी मार्क सांगत आली की हे विचारणार, "वर्गाची सरासरी किती आली?" तिच्या चित्राला बक्षीस मिळालं, तर "भाग किती जणांनी घेतला होता?" हळूहळू तिने सांगणंच बंद केलं. एकदा माझ्या गाडीत बसली होती, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काकू, जस्ट वन्स आय वॉन्ट हिम टू से आय अ‍ॅम गुड. नो मॅथ्स." मी म्हटलं, "म्हणतील गं." दुसरं काय म्हणणार?

आता त्या खेळाचं सांगते. दोह्यात हिवाळ्यात काही अमेरिकन मंडळी एक स्पर्धा भरवतात. त्यांचा तो फुटबॉल, पण बिनमारामारीचा. कमरेला दोन्ही बाजूंनी पट्ट्या लटकवायच्या. ज्याच्या हातात चेंडू असेल त्याची पट्टी ओढली की डाव थांबला. चेंडू गोल नाही, मोठ्या खारकेसारखा दोन्ही टोकांना निमुळता. एकजण मागे उभा राहून चेंडू टाकतो, तो क्वार्टरबॅक. बाकीच्यांनी पुढे पळायचं, झेलायचं आणि टोकाची रेषा ओलांडायची, की झाला गोल. संघात बायका हव्यातच असा नियम. शिरीषला त्याच्या ऑफिसात कोणीतरी चढवलं आणि त्याने मराठी लोकांचा संघ काढला. नाव ठेवलं 'डेझर्ट मावळे'. नाव ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं. बायका कमी पडतात म्हटल्यावर मात्र बरोब्बर विचारलं! कोल्हापुरात खोखो खेळलेली बाई, पळायला काय घाबरते? उभी राहिले.

ऋताला हा खेळ शाळेत शिकवलेला. आम्हा सगळ्यांत नियम नीट माहीत असलेली ती एकटीच. म्हणून सुरुवातीला चेंडू टाकायचं काम तिच्याकडे. मग मधेच संघात रोहन आला. रोहन कदम, रत्नागिरीचा, आयटीतला, गावाकडे टेनिस बॉलच्या सामन्यांत फास्ट बोलर म्हणून नाव कमावलेला. त्याने पहिल्याच दिवशी चेंडू असा भिरकावला की मैदानाच्या कडेला बसलेल्या बायका-पोरांनी 'ओऽऽ' केलं. तो चेंडू कुणालाही झेलता आला नाही, ही गोष्ट वेगळी. पण 'ओऽऽ' झालं ना? खलास. लोकांना तेवढंच लागतं.

मग वाद सुरू. क्वार्टरबॅक कोण? शिरीष कॅप्टन, पण शिरीषला कुणालाच नाही म्हणता येत नाही, हा माझ्या संसाराचा जुना रोग. त्याने वाद मिटवायचा सोपा मार्ग काढला. म्हणाला, "देवतळे आहेत ना! ते आकडे काढतील. ते म्हणतील तो." सगळ्यांना पटलं. आकड्यांना नातं नसतं, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. आणि ऋताने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला दिसलं, पोरगी खूश झाली होती. शेवटी एक अशी गोष्ट निघाली होती, जिथे बापाच्याच भाषेत ती चांगली ठरणार होती. शाळेचं शेवटचं वर्ष, त्यानंतर ती कॅनडाला शिकायला जाणार. म्हणजे मावळ्यांकडून हा तिचा शेवटचा मोसम. फायनलला चेंडू तिच्या हातात असावा, आणि तो बाबांनी दिलेला असावा, एवढंच तिचं मागणं होतं.

भाऊजींनी कामाला हात घातला तो त्यांच्या पद्धतीने. कडेला तिपाईवर कॅमेरा. टोपी, गॉगल, मांडीवर टॅब्लेट. दर शुक्रवारी दुपार उतरली की येऊन बसायचे आणि ओठ हलायला लागायचे. कोणी किती टाकले, किती झेलले गेले, किती लांबून टाकले, समोरचा संघ तगडा होता की लेचापेचा, वारा कुठून होता. रास लफानला नाइट शिफ्ट करून आलेल्या दोघांबरोबर रोहन खेळला तर तेही टिपलेलं. दमलेला माणूस चेंडू सोडणारच, त्याचा दोष रोहनला नको! मला त्यांचं कौतुकच वाटायचं. म्हटलं, बघा, माणूस किती न्यायाने चाललाय.

मी त्या दोघांचेही चेंडू झेलत होते, म्हणजे झेलायला धडपडत होते. त्यामुळे मला जे कळत होतं ते कॅमेऱ्याला कळणं शक्यच नव्हतं. आमचे लोक सगळे क्रिकेटवाले. चेंडू आला की आपोआप ओंजळ करतात, छातीशी, आणि हात मागे घेतात. या खेळात तसं चालत नाही. इथे बोटं फाकून, चेंडू तोंडासमोरच पकडायचा. रोहनचा सणसणीत चेंडू ओंजळीत आला की टणकन उडून जायचा. माझी करंगळी त्याने अशी सुजवली की मी महिनाभर भाकरी थापू शकले नाही. आणि ऋताचा चेंडू? तो यायचा तो अलगद, वरून खाली, थेट ओंजळीत. मी तिला एकदा विचारलं, "तू हे कसं करतेस गं?"

ती हसली. "काकू, यू ऑल कॅच लाइक यू आर टेकिंग प्रसाद. सो आय थ्रो प्रसाद."

अगं बाई! मी तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिले. एवढीशी पोर, पण तिने आम्हाला बदलायचा नाद सोडला होता आणि आमच्या हातांना जमेल असा चेंडू शोधला होता. प्रत्येकाला वेगळा. शिरीषला डावीकडून, कारण त्याचा उजवा खांदा आखडलेला. मला पोटाशी. मी ते त्याच संध्याकाळी वर जाऊन भाऊजींना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे चांगलं आहे, वहिनी. पण मी हे कुठल्या रकान्यात टाकू?"

फायनलच्या आधी आमच्याच घरी सगळे जमले. सुषमाने तर्रीपोहे केले होते. भाऊजींनी टॅब्लेट टीव्हीला जोडला. आधी आले ते साधे आकडे. ऋताचे दहातले सात-आठ झेलले जात होते, रोहनचे जेमतेम निम्मे. मी टाळी वाजवायच्या बेतात होते.

"पण हे कच्चे आकडे झाले," भाऊजी म्हणाले.

मग सुरू झाली कापाकापी. ऋताचे चेंडू जवळचे आणि हळू, ते कोणीही झेलेल, म्हणून त्यातले इतके वजा. रोहनचे सुटलेले चेंडू मुळात चांगलेच होते, झेलणारे कमी पडले, म्हणून ते त्याच्या नावावरून कमी. तरी ऋता थोडी पुढे राहिली. मी श्वास सोडला. तेवढ्यात आणखी एक रकाना आला, आणि त्यानंतर रोहन पुढे. अगदी केसभर, पण पुढे.

"हे काय आता शेवटचं?" मी विचारलं.

भाऊजींनी चष्मा काढला. "मी तिचा बाप आहे ना. माझ्या नजरेत फरक पडला असेल. म्हणून तेवढं तिच्यातून कापलं."

"तेवढं म्हणजे केवढं? कुठून आणलं?"

"अंदाजे."

अंदाजे! या माणसाच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. माझं डोकंच फिरलं. "वा हो भाऊजी! तिचा चेंडू झेलला गेला तर चेंडू सोपा, आणि त्याचा सुटला तर झेलणारे वाईट. मग त्या पोरीने करायचं तरी काय? आणि एवढं करूनही ती पुढे राहिली, तर म्हणे बाप म्हणून कापा!"

"वहिनी, तुम्ही काहून चिडून राहिल्या? लोक म्हणतील, देवतळेने पोरीला लावून घेतलं."

"आणि ती दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर?"

यावर ते चष्मा पुसत बसले. शिरीष पोहे खात राहिला. रोहन भला पोरगा, तो म्हणाला, "काका, ऋताच टाकू दे ना, माझी काही हरकत नाही." तर त्यालाच भाऊजी म्हणाले, "नाही नाही. आकड्यांनी ठरवायचं ठरलं होतं." ऋता खिडकीपाशी उभी होती. ताटली उचलून सिंकमध्ये ठेवली आणि वर निघून गेली.

एचआरमध्ये इतकी वर्षं काढली मी. भाचे, मेव्हणे, गाववाले यांची वर्णी लावणारे पायलीचे पन्नास पाहिले. नातलग आहे म्हणून पोटच्या पोरीला डावलणारा हा एकच. आणि वर स्वतःला न्यायी समजत होता. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप आला, येतो.

फायनल एका शाळेच्या शिक्षकांच्या संघाशी होती. उघड्या डोळ्यांनी दिसत होतं काय चाललंय ते. रोहन बिचारा जीव तोडून टाकत होता आणि आम्ही ओंजळी करून सोडत होतो. एक माझ्या खांद्याला लागून उडाला, एक शिरीषच्या हातातून थेट समोरच्याच्या हातात. मध्यंतर झालं. शिरीष, माझा नवरा, आयुष्यात पहिल्यांदा धीर करून भाऊजींकडे गेला. "देवतळे, ऋताला टाकायला लावू या का? यल्ला, चला, अजून वेळ आहे."

भाऊजींनी टॅब्लेटकडे पाहिलं. ऋता दोन हातांच्या अंतरावर पाणी पीत उभी होती, तिला सगळं ऐकू जात होतं. भाऊजी म्हणाले, "एवढ्यावरून बदलता नाही येत. नमुना फार लहान आहे."

मी म्हटलं, "अहो, खड्ड्यात गेला तुमचा नमुना! पोरीचं तोंड बघा की एकदा!" त्यांनी ऐकलं नसेल असं नाही. पण वर पाहिलं नाही.

शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही एका गोलाने मागे होतो. रोहनने सगळी ताकद लावून चेंडू फेकला, आणि तो ऋताकडे गेला. तिने बोटं फाकून, तोंडासमोर, बरोब्बर पकडला. आमच्या सबंध संघात तो चेंडू पकडू शकणारे हात तिचेच होते. ती पळालीसुद्धा. रेषा दोन पावलांवर राहिली आणि कोणीतरी मागून तिची पट्टी ओढली. सामना संपला. सगळ्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. तिने कमरेचा पट्टा सोडला, घडी घालून बापाच्या शेजारी खुर्चीवर ठेवला आणि गाडीची किल्ली मागितली. भाऊजींनी ती दिली.

त्यानंतर सगळे हे प्रकरण विसरले, भाऊजी नाही. सुषमा म्हणायची, जेवण झालं की तेच तेच व्हिडिओ लावून बसतात. उन्हाळा सुरू झाला, मैदान ओस पडलं, आणि एका सुट्टीच्या सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. आत येऊन बसले. पाणी दिलं ते प्यायले नाहीत.

"वहिनी, तुम्ही ते प्रसादाचं सांगितलं होतं ना. मी सगळं पुन्हा पाहिलं. या वेळी चेंडू नाही पाहिला, हात पाहिले. तुमचं बरोबर होतं. ती सोपं नव्हती टाकत. ज्याला जेवढं झेपते तेवढंच टाकत होती. आणि मी तेच तिच्यातून वजा केलं."

"मला कशाला सांगता?" मी म्हटलं. माझा आवाज चढलाच. "वरच्या मजल्यावर आहे ना ती? जा आणि तिला सांगा!"

"सांगतो ना. जरा चांगली वेळ पाहून."

चांगली वेळ! मे गेला, जून गेला. तिच्या व्हिसाची धावपळ, बॅगांची खरेदी, सुषमाचं लोणची-चिवडा बांधणं. ते जिन्यात भेटले की मी नुसती मान उडवून विचारायची, आणि ते मान हलवायचे, नाही म्हणून. अहो, एक वाक्य! एक साधं वाक्य बोलायला माणसाला किती पुरावा लागतो? मला तर कधी कधी त्यांना गदागदा हलवावंसं वाटायचं. शिरीष म्हणायचा, तू कशाला मधे पडतेस, बाप-लेक बघून घेतील. बघून घेतील, डोंबल!

ऑगस्टमध्ये ती निघाली. आम्ही दोघंही विमानतळावर गेलो होतो. बाहेर अशी दमट हवा की चष्म्यावर वाफ धरते, आत शिरलं की गारठा. शिरीष गाडी लावायला गेला. सुषमा पोरीच्या गळ्यात पडून रडली, मग मीही थोडं रडून घेतलं. ऋताने आम्हा सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि ट्रॉलीची दांडी धरली. तेव्हा भाऊजी बोलले.

"ऋता. थांब जरा."

ती थांबली.

"त्या फायनलला तू टाकायला पाहिजे होतं. माझं चुकलं." ते एक एक शब्द ठेवल्यासारखे बोलत होते. "तू सगळ्यात चांगली होतीस."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, गणपतीबाप्पा, सुटलो एकदाचे. डोळे उघडले तर ऋता बापाकडे बघत होती. रागाने नाही हो. बराच वेळ एखाद्या गोष्टीची वाट पाहून माणूस दमतो ना, तशी. आणि ज्या पोरीने बापाला इतकी वर्षं इंग्रजीतच उत्तरं दिली, ती सरळ मराठीत म्हणाली,

"कितीपैकी, बाबा?"

भाऊजींनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. ती थांबली होती. खरंच थांबली होती, मागच्या माणसाची ट्रॉली तिला टेकली तरी. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो बोला ना! म्हणा, सगळ्यांपैकी! जगात जितक्या आहेत तितक्यांपैकी! सापडत नसेल तर खोटं सांगा, एकदा तरी मेलं खोटं सांगा! पण त्या माणसाला खोटा आकडा सांगता येत नव्हता. मागचा माणूस "एक्सक्यूज मी" म्हणाला. ऋताने मान डोलवली, बापाच्या दंडावर हात ठेवून जरा दाबला आणि आत गेली.

त्याच आठवड्यात त्यांची तिकडे लांब, दुखानच्या तेलक्षेत्रावर बदली झाली, मग कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि दोघं परस्पर नागपूरला गेले. फोन होतो सणासुदीला. पण मी त्यांना समोर पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.

ती दिसेनाशी झाल्यावर भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय आकडा सांगू, वहिनी? ऋता न् रोहन, दोघंच तर होते. दोघांपैकी एकाला निवडायचं होतं फक्त."

बोलण्यासारखं होतं ते सगळं माझं आधी बोलून झालं होतं, आणि त्यातलं काही उपयोगी पडलं नव्हतं. सुषमाला धरून मी गाडीकडे निघाले. दारापाशी मागे वळून पाहिलं तर ते तिथेच उभे होते. समोरून माणसं आत जात होती, एकामागून एक, ट्रॉल्या ढकलत. एरवी अशा रांगेपुढे उभे राहिले की त्यांचे ओठ आपोआप हलायचे. त्या दिवशी हलत नव्हते.